मोठी अक्षरं, लहान अक्षरं

त्यानं माही वेणी धरली अन् तोंड टेबलावर आपटलं. नाकातलं रक्त कीबोर्डवर सांडलं. समोर बारा आईबाप उभे होते.

"तांड्यातल्या बाईले कम्प्यूटर देला का असंच होते," तो म्हणाला.

तो म्हणजे आमच्या संस्थाचालकाचा पुतण्या. मानोऱ्याकडची खाजगी शाळा, मी तिथं कंत्राटी ऑपरेटर. समोरचे आईबाप ऊसतोडीले निघाले होते. लेकरू वसतिगृहाच्या यादीत असलं त शाळेत राहते, नसलं त फडावर जाते. त्या दिवशी अठ्ठावीस लेकरांची नावं यादीत नव्हती.

यादी मॅक्रोतून निघे, म्हंजे कम्प्यूटरातल्या छोट्या प्रोग्राममधून. तो मी लिहिला होता. अर्जात नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, जुन्या रजिस्टरात लहान. माणसाले राठोड एकच दिसते, मशीनले दोन. म्हणून मी कोडाचे मॉड्यूल, म्हंजे तुकडे, अलग अलग ठेवले होते. एक नावं वाचणारं, एक जुळवणारं, एक यादी छापणारं. जुळवणाऱ्याच्या सगळ्यात वर एक ओळ होती, मोठं-लहान अक्षर सारखंच धर म्हणून. ती ओळ तेवढ्या मॉड्यूलपुरतीच चालते.

पुतण्याले काकाले दाखवाचं होतं का मॅक्रो त्यानंच केला. माहा सगळा कोड उचलून त्यानं स्वतःच्या नावाच्या एकाच मॉड्यूलात कोंबला. माहे मॉड्यूल पुसले. वरची ओळ त्यांच्यासंगं गेली, अन् अठ्ठावीस नावं जुळलीच नाही. ओळ गेली, नावं गळतीन, हे मी आदल्या दिवशीच त्याले सांगतलं होतं. तू टायपिंग कर, म्हणाला.

त्या बारांतला एक बाप पुढं आला अन् माह्या तोंडावर थुंकला. त्याले वाटलं, त्याच्या पोरीचं नाव मीच काढलं. ते नाकापेक्षा जास्त लागलं. माह्याच तांड्यातला होता तो.

पुतण्यानं पुन्हा वेणीले हात घातला. टेबलावर कागदाले भोकं पाडाची लोखंडी पंचिंग मशीन होती. मी ती त्याच्या मनगटावर हाणली. हाड वाजलं. तो खाली बसला.

"हात लावशील त दुसराबी तोडीन."

सात वर्षं त्याले जी सर, जी सर केलं होतं मी.

मग रक्तानं चिकट झालेल्या त्याच कीबोर्डवर ती ओळ लिहिली. मॅक्रो चालवला. यादी निघाली. अठ्ठावीस नावं मी मोठ्यानं वाचली. थुंकणारा बाप खाली पाहून राह्यला होता. त्याले मी माफ केलं नाही.

संध्याकाळी संस्थेचा माणूस घरी माफीनामा घेऊन आला. सही कर, नोकरी राहते, म्हणे. मायनं माह्यापुढं हात जोडले. मी कागद फाडला अन् ठाण्यात गेली. माहं नाक दाखवलं, त्याचं मनगटबी लपवलं नाही. केस दोघांवर झाली. नोकरी गेली.

आता वकील म्हणतात, मशीन हातातून निसटली असं सांग. नाही सांगणार. मी हाणली. शुद्धीत हाणली. काहून हाणली ते कोर्टात उभी राहून सांगीन. माहं तोंड आपटताना पाहत उभे राहिले त्या बाराही जणांले साक्षीले आणीन, उसाच्या फडातून ओढून आणावं लागलं तरी.