अंगठ्याला बांधलेली दोरी

थंडीत भंडारदऱ्याच्या पाण्यावर धुकं असतं, तेव्हा तो होडीवाला होडी अगदी सावकाश वल्हवतो. मागे लांब दोरी सोडलेली असते. तिच्या टोकाला गळ आणि स्टीलच्या चमच्याचा चकचकीत तुकडा. दुसरं टोक त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला. मरळ मासा लागला की आधी अंगठ्याला कळतं, असं तो डोळे मिटून सांगतो. मी दर हिवाळ्यात त्याच्याच होडीत बसतो. त्याचं नाव कधी विचारलं नाही.

यंदा त्याचा अंगठा दोनदा जोरात ओढला गेला. तो बगळ्यांबद्दल बोलतच राहिला.

"दोरी ओढतेय," मी म्हणालो.

"लाट हाय ती, सायेब."

पाण्यावर सुरकुतीही नव्हती. त्यानं खाली पाहिलं. दोरीनं कातडी कापली होती, रक्त आलं होतं.

"दिवाळीत शुगर निघाली," तो म्हणाला. "तवापासून पायाला काय कळंना."

त्यानं गाठ सोडून दोरी माझ्या बोटाला बांधली. "तुमी फकस्त सांगा. वडायचं मी बघतो."

होडी धुक्यात सरकत राहिली. डोळे मिटूनच तो थोड्या थोड्या वेळानं विचारत होता, "काय कळतंय का?"