साडूभाऊंचा रविवारचा वाद

आमच्या साडूंइतका सज्जन भांडखोर अख्ख्या घनसावंगी तालुक्यात दुसरा झाला नाही. माणसं बांधावरून भांडतात, मानपानावरून भांडतात. आमचे साडू भांडत ते कॉम्प्युटरच्या भाषेवरून, आणि तेही अशा तालुक्यात, जिथे हा विषय कळणारी सगळी माणसं एका जीपमध्ये ऐसपैस मावली असती. गणिताची मास्तरकी सोडून त्यांनी खताच्या दुकानावरच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास काढला, आणि तिथे ‘सी’ नावाच्या भाषेवर त्यांचा जो जीव जडला तो जडलाच. मी कुंभार पिंपळगावच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवली, पण भाषेसाठी इतकं रक्त आटवणारा माणूस मला शाळेतही भेटला नाही.

क्लासमध्ये कॉम्प्युटर दोन, आणि दोन्हींवर माझ्या मेहुणीच्या जुन्या साडीची झाकणं. चपला जिन्याखाली काढायच्या. लाईट निम्मा दिवस नसे, पण त्यापायी क्लास कधी बंद पडला नाही. साडू पोरांचाच कॉम्प्युटर करत. एक पोरगा मेमरी, एक कीबोर्ड, आणि फळ्यावरचा प्रोग्राम संपला की प्रिंटर झालेला पोरगा उभं राहून उत्तर ओरडून सांगे. सगळ्या जगाकडे ते याच नजरेनं बघत. एकदा आम्ही दोघं शहागडला निघालो. जीपवाल्यानं नऊ जणांच्या गाडीत एकोणीस माणसं कोंबली. माझा एक पाय कुणाच्या तरी भाजीच्या पिशवीत होता. साडू मात्र प्रसन्न. “मास्तर, हा ड्रायव्हर म्हणजे सी. बघा, बोटभर जागा वाया घालवून न्हाई राह्यला.”

इथवर ठीक होतं. पण त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, वैशालीला, शहागडचं स्थळ आलं. मुलगा पुण्यात कंपनीत, निर्व्यसनी, बोलायला मऊ. पोहे घेऊन आलेल्या वैशालीला तो आवडला, हे माझ्यासारख्यालाही दिसलं. साडूंनी शेती विचारली नाही, पगार विचारला नाही. “काम कोणत्या भाषेत करता?” एवढंच विचारलं. मुलगा म्हणाला, “व्हिज्युअल बेसिक.” मुलानं रोज घेतो म्हणून सांगितलं असतं, तरी साडूंचा चेहरा एवढा उतरला नसता.

“तयार बटनं आणायची अन् चिटकवायची. त्याला प्रोग्रामिंग म्हणत न्हाईत बिलकुल.”

“पण अण्णा, तुमच्या सीमध्ये महिना लागतो ते मी दोन दिवसांत करतो.”

“जल्दी तर पोहे बी होतेत. पुरणपोळी न्हाई होत.”

पोहे गार झाले. मुलाचे वडील देण्याघेण्याचं बोलायला तोंड उघडत आणि तसंच मिटत. शेवटी ठरलं, की एकच प्रोग्राम दोघांनी आपापल्या भाषेत लिहायचा. ज्याचा आधी चालेल त्याची भाषा खरी. पाहुण्यांसकट सगळी बैठक क्लासवर चढली. सासरा-जावई व्हायचे ते दोघं शेजारी शेजारी बसले, साड्या बाजूला झाल्या, आणि लाईट गेली. दोन तास वाट बघितली. शहागडची जीप सुटायची वेळ झाली तेव्हा साडू मला बाजूला घेऊन म्हणाले, “पोरगा चांगला हाय, पण बेसिकचा. मी न्हाई देणार.”

वैशाली चहाचे कप न्यायला आली होती, तिनं ते ऐकलं. कप खाली ठेवून ती सगळ्यांदेखत म्हणाली, “अण्णा, लाईट गेली तर दोन्ही भाषा बराबरच बंद पडल्या ना? मंग मला कोणतीबी चालते. मुलगा मातर हाच पाहिजे.”

आमच्याकडे असं बोलणारी मुलगी तोवर कुणी पाहिली नव्हती. साडूंनी समोरच्या काळ्या पडद्यावर साडीचं झाकण ओढलं. मग मुलाच्या वडिलांना म्हणाले, “बसा. साखर आणायला सांगतो.”

वैशाली पुण्याला गेली आणि घर सुनं झालं. साडूंनी ते कधी कबूल केलं नाही. फक्त दर रविवारी सकाळी ते एसटीडी बूथवर जात आणि जावयाशी भांडत. “काय जावईबापू, अजून बटनंच चिटकवून राह्यले का?” इथून सुरुवात. मध्येच, “वैशूचा खोकला थांबला का?” उत्तर नीट ऐकून घेत, आणि पुन्हा सी.

अशी तीन-चार वर्षं गेली. मी कामानिमित्त पुण्याला गेलो तो वैशालीकडेच उतरलो. जावई म्हणाला, “काका, बेसिक आमच्या कंपनीनं कधीच सोडलं. आता मी जावा नावाच्या भाषेत काम करतो, ती तर अण्णांच्या सीच्याच घराण्यातली. पण त्यांना सांगू नका. मंग ते भांडायला फोन कशाला करतील?”

परतताना घनसावंगीला उतरलो आणि क्लासवर गेलो. फळ्यावर व्हिज्युअल बेसिकचा धडा. मला बघताच साडूंनी घाईघाईनं फडकं मारलं. “पोरं तेच मागून राह्यले, मास्तर,” ते म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, “जावईबापूला कळू देऊ नका. जिंकलो म्हणल, अन् फोन ठेवून दील.”

मी दोघांनाही शब्द दिला. जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवलं आणि उतारवयात दोन घरचं खोटं सांभाळत बसलो, पण त्या माणसाचा इतका लोभ मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी बूथबाहेरच्या बाकावर बसलो. काचेच्या आत साडू हातवारे करकरून सीची बाजू लढवत होते, आणि तिकडे पुण्यात जावई केव्हाच सोडलेल्या बेसिकची. बऱ्याच वेळानं ते घाम पुसत बाहेर आले.

“कोण जिंकलं?” मी विचारलं.

“वैशू बरी हाय,” ते म्हणाले.