हिरवं पुढे, काळं मागे

यशोधन पारसनिसांच्या घरी महालक्ष्म्यांचे मुखवटे ठेवायचं एक सागवानी कपाट आहे. मुखवटे त्यात सर्वांत वरच्या खणात अंग चोरून बसतात. खालच्या सगळ्या खणांत पेडलं आहेत. श्रुती, म्हणजे यशोधनची बायको, आल्यागेल्याला सांगते की आमच्याकडे माहेरवाशिणी दोन आणि जावई ढीगभर. पाहुणे हसतात. यशोधनही हसतो, पण त्याला ते लागतं, कारण त्यातला एकही जावई कामाचा निघाला नाही हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

पेडल म्हणजे गिटार आणि अॅम्प्लिफायर यांच्या मधे जोडायची एक पत्र्याची डबी. साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी. वरचं बटण पायाने दाबलं की गिटारचा सरळ आवाज फाटतो, गुरगुरतो, अंगावर येतो. हेवी मेटल वाजवणाऱ्याची सगळी इभ्रत या फाटण्यावर असते. आणि कसं फाटायचं यालाही रीत आहे. नुसतंच फाटलं तर ती फक्त खरखर. यशोधन दिवसा विमा कंपनीत लोकांच्या गाड्यांचे दावे तपासतो आणि घरी आला की ही पेडलं एकामागे एक जोडून बघतो. एक आवाज त्याला हवा आहे. तो त्याने ऐकलेला आहे, स्वतःच्या बोटांनी काढलेला आहे, आणि स्वतःच्याच तोंडाने घालवलेला आहे.

तो आवाज निघाला ग्वाल्हेरातल्या हजीऱ्याला, जगदाळ्यांच्या पिठाच्या गिरणीत. अंशुल जगदाळे त्याचा कॉलेजातला दोस्त. अंशुलचे वडील संभाजीराव फौजेतून निवृत्त होऊन गिरणी चालवत. गिरणीच्या मागच्या खोलीत गव्हाची पोती असत, आणि दळण नसलं की या पोरांचा बँड. गल्लीला गिरणीच्या घरघरीची सवय होती, त्यामुळे या नव्या घरघरीची तक्रार कोणी केली नाही. तक्रार फक्त वर राहणाऱ्या मंदाताई करायच्या. त्या अंशुलच्या आई.

यशोधन आणि अंशुल दोघंही गिटारवाले. पण एका बँडला दोन हट्टी गिटारवाले झेपत नाहीत, म्हणून अंशुलने आपणहून बास गिटार गळ्यात घातली आणि आपलं हिरवं पेडल यशोधनच्या पायाशी आणून ठेवलं. ते ओव्हरड्राइव्ह होतं, स्वभावाने मवाळ. यशोधनचं स्वतःचं काळं डिस्टॉर्शन पेडल मात्र दिल्लीहून आणलेलं, भलतं तापट. एकटं काळं लावलं की भिंती हलायच्या, पण हात भरभर चालू लागला की सगळे ठोके एकमेकांत कालवून लगदा व्हायचा. मग काळं आधी आणि हिरवं नंतर असं जोडलं. लगदा आणखी घट्ट झाला.

उलटं जोडायचं अंशुलला सुचलं. गिटारमधून निघालेली तार आधी हिरव्यात, मग काळ्यात. आणि हिरव्याचं गेनचं बटण त्याने पार शून्यावर नेलं, लेव्हलचं पार टोकाला. म्हणजे हिरव्याने स्वतः काहीच फाडायचं नाही. त्याने फक्त खालचा जाड कोंडा चाळून टाकायचा आणि उरलेलं जोर लावून काळ्याच्या अंगावर ढकलायचं. यशोधनने तळहात गिटारच्या तारांवर टेकवून ठोके मारले आणि प्रत्येक ठोका सुटा, धारदार, जिथल्या तिथे थांबणारा निघाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात मंदाताई जिना उतरून आल्या आणि म्हणाल्या, आधी निदान नुसता गोंगाट होता, आता तर दात शिवशिवतायत.

तेव्हापासून हीच परीक्षा ठरली. बटणं कुठे ठेवायची यावर वाद झाला की वाजवायचं आणि जिन्याकडे बघायचं. मंदाताई आल्या की आवाज जमला.

आता पारसनिसांबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कोणाला खरं वाटायचं नाही. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून अजूनही पणजोबा दरबारात कितव्या जागी बसायचे हे पोराबाळांना तोंडपाठ असतं. दरबार गेला, जागा गेल्या, पण क्रम राहिला आहे. यशोधनचे वडील रमाकांत लग्नाच्या पंगतीतही आधी पान कुठे मांडलंय ते बघत आणि मगच वरणभात कसा आहे ते. यशोधन या सगळ्याची यथेच्छ टिंगल करायचा. काळा टी-शर्ट घालून, केस वाढवून, दसऱ्याला वडिलांच्या पगडीकडे पाठ करून बसायचा. आपण त्या कुळातले नाहीच असं त्याला मनापासून वाटायचं.

कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. भोपाळला बँडची स्पर्धा होती आणि हे तिथे जिंकणार असं सगळेच म्हणत होते. मंचामागे यशोधन पेडलं मांडत असताना हिरवं कोणाचं ते ठाऊक असलेला ग्वाल्हेरचाच एक पोरगा पेडलांकडे वाकून बघत सहज म्हणाला, "पारसनीस, तू तो जगदाळे के पीछे खड़ा है।" लोक हसले. यशोधनही हसला. आणि मग त्याने खाली बसून पेडलांच्या तारा काढल्या आणि काळं पुढे, हिरवं मागे असं जोडायला घेतलं.

अंशुलने त्याला समजावलं. लगदा होईल, तुलाच माहीत आहे, असं सांगितलं. पेडलं कोणाची हा प्रश्नच नाही, असंही सांगितलं. लोक ऐकत उभे होते, आणि यशोधनच्या तोंडून पणजोबा बोलले.

"पारसनीस जगदाळ्यांच्या मागे उभे राहत नाहीत."

त्याला ते अर्धवट थट्टेने म्हणायचं होतं. पण तशा वाक्यात थट्टेचा भाग कोणता हे ऐकणाऱ्याला कसं कळावं?  अंशुलने हिरवं पेडल सोडवलं, रुमालाने पुसलं आणि खिशात टाकलं. मग मंचावर जाऊन बास मात्र एकही ठोका न चुकवता वाजवली. एकट्या काळ्याचा लगदा झाला, स्पर्धा हातची गेली. परत येताना अंशुल दुसऱ्या डब्यात बसला.

इथे कोणालाही वाटेल की हे पोरापोरांचं भांडण, महिनाभरात मिटायचं. मिटलं नाही. दोघांचीही समजूत अशी की दुसऱ्याने आधी यावं. अंशुलची समजूत रास्त होती. यशोधनची कशाच्या जोरावर होती हे त्यालाही सांगता आलं नसतं. नोकरी लागली, लग्न झालं, नई सडकेला आणि फूलबागेला दोघं एकमेकांना दिसत, मान हलवत आणि पुढे जात. संभाजीराव करोनात गेले तेव्हा भेटायला न जाण्याचं कारण यशोधनला आयतंच मिळालं. नंतर कारण उरलं नाही, तरीही तो गेला नाही.

त्याऐवजी त्याने पेडलं घेतली. हिरवी घेतली, निळी घेतली, पिवळी घेतली. ज्याची लोक इंटरनेटवर शपथ घेत ते घेतलं, काळ्याच्या पुढे ठेवलं, गेन शून्य, लेव्हल टोकाला. जवळ यायचं, पण ते नव्हतं. कुठे कोंडा राहायचा, कुठे दाणाच चाळून जायचा. अंशुलचं पेडल जुनं होतं, त्याच्या पोटात काय होतं देव जाणे. हजीरा त्याच्या घरापासून स्कूटरवर कितीसा लांब? रस्ता कधीच लांब नव्हता.

मग श्रुतीची तक्रार सुरू झाली की याला फोनची रिंग ऐकू येत नाही, दाराच्या बेलची चिमणी ऐकू येत नाही. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि कागदावर एक रेघ दाखवली, उजवीकडे घसरत गेलेली. बारीक, तीक्ष्ण आवाज आधी जातात, म्हणाले. गेलेले परत येत नाहीत. यंत्र लावता येईल, बोलणं कळेल. यशोधनने गिटारचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, जे ऐकायचंय ते ऐकून घ्या.

बाहेर येताच त्याच्या मनात पहिलं काय आलं असेल तर हिरवं पेडल. शहाणा माणूस तिथूनच हजीऱ्याला गेला असता. यशोधन घरी गेला आणि त्याने आणखी एक पेडल मागवलं. दिवाळीला अंशुलला शुभेच्छांचा संदेश पाठवला, अंशुलचेही दोन हात जोडलेले आले. यशोधनला वाटलं, आता तो येईल. असं वाटण्यात एक वर्ष आणि वर आणखी काही महिने गेले.

एका सुट्टीच्या दिवशी तो नव्या पेडलचं टोनचं बटण फिरवत बसला होता. स्वयंपाकघरातून श्रुती म्हणाली, आत्ताचं किती टोचत होतं आणि हे बघ कसं मऊ झालं. यशोधनचा हात थांबला. त्याने बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं होतं आणि त्याला काहीच बदललेलं ऐकू आलं नव्हतं. पुन्हा फिरवलं. काही नाही.  त्याने काळं पेडल पिशवीत घातलं, गिटार पाठीला लावली आणि दुपारच्या उन्हात स्कूटर काढली.

गिरणी बंद होती. अंशुल ओट्यावर बसून चाळणी ठोकत होता, भुवयांपर्यंत पीठ. यशोधनला बघून तो उठला नाही, पण त्याने बाजूचं पोतं सरकवून जागा केली. "बस ना यार. उभा काय राहिलास?" तो इतक्या मोठ्याने बोलला की समोरचा पानवाला वळून बघू लागला. गिरणीवाल्यांचा आवाज चढाच असतो, हे यशोधनला आठवलं.

काय बोलायचं ते यशोधनने वाटेत ठरवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. त्याने विचारलं, हिरवं आहे का अजून? अंशुलने ते दोनदा विचारून घेतलं आणि वर गेला. खाली आला तेव्हा हातात स्टीलचा डबा होता. डब्यात फडक्यात गुंडाळलेलं हिरवं पेडल, बटणं जागची हलू नयेत म्हणून त्यांवर जखमेला लावायची चिकटपट्टी. गेन शून्य, लेव्हल टोकाला. भोपाळला जाण्याआधी लावलेली ती पट्टी पिवळी पडली होती, पण निघाली नव्हती.

बँडचा अॅम्प्लिफायर मागच्या खोलीतच होता, गल्लीच्या गणपतीत आरतीचा माइक त्याला लागायचा. यशोधनने पेडलांत नव्या बॅटऱ्या घातल्या. जोडणीच्या तारा हातात घेऊन अंशुल थांबला.

"काळं पुढे ठेवू? ठेवतो ना. आता काय फरक पडतोय."

"नाही," यशोधन म्हणाला. मग त्याला ते मोठ्याने म्हणावं लागलं. "हिरवंच पुढे. तेव्हाही हिरवंच पुढे होतं. माझी चूक झाली, अंशुल."

अंशुलने खाली बघत तार खोचली. त्याचे कान तांबडे झाले.

यशोधनने तळहात तारांवर टेकवला आणि तेच जुने ठोके मारले. छातीला धक्का बसला, पायाखालची फरशी थरथरली. खालचा भाग सगळा होता. पण वरची ती धार, तो सुटा, कापत जाणारा काठ, ज्यासाठी हिरवं पुढे ठेवायचं, तिथे काहीच नव्हतं. दाराबाहेर कोणी वाजवत असावं तसा आवाज येत होता. यशोधनला रडू येत होतं आणि ते दाखवायची लाज वाटत होती. एका वर्षापूर्वी आलो असतो तर थोडं तरी ऐकू आलं असतं. पाच वर्षांपूर्वी आलो असतो तर सगळं. त्याने वाजवणं थांबवलं.

"मला वरचं ऐकू येत नाही," तो म्हणाला. "कान गेलेत माझे. तू सांग, आलं का?"

अंशुल शेजारच्या पोत्यावर टेकला.

"मला काय विचारतोस?" तो म्हणाला. "या गिरणीत बसून माझे तर तुझ्याआधी गेले. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो, तुला कळलं की मला कळेल."

 हसावं की काय करावं ते दोघांनाही सुचेना. पट्टी लावलेलं हिरवं पेडल दोघांच्या मधे जमिनीवर पडलं होतं, त्याचा लाल दिवा चालू होता.

जिन्यावर पावलं वाजली ती दोघांनाही ऐकू आली नाहीत. मंदाताई दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा कुठे कळलं. आता त्या वाकल्या होत्या, एक हात गालावर होता. यशोधनला त्यांनी ओळखलं की नाही, कोण जाणे.

"मेल्यांनो," त्या म्हणाल्या, "कवळी काढून ठेवलीय, तरी दात शिवशिवतायत."

अंशुलने पोत्यावरचं पीठ झटकलं आणि आईला हाताला धरून बसवलं. यशोधनने तळहात पुन्हा तारांवर टेकवला आणि तेच ठोके पहिल्यापासून वाजवले, आणि दोघंही मंदाताईंच्या तोंडाकडे बघत राहिले.