प्रल्हादकाकांचं विरजण

प्रल्हादकाकांचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून आहे, आणि हे मी तक्रार म्हणूनच सांगते आहे. न्यू जर्सीतल्या पार्किंग लॉटमधलं पावसाचं पाणी कुठून कुठे जावं, याची डिझाइनं करण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा घरीच एकेक वस्तू बनवायला लागले. विकत घेणं म्हणजे त्यांच्या लेखी शरणागती. त्यांनी साबण केला, तो लावून माझा नवरा यतीन आठवडाभर खाजवत होता. पनीर केलं, ते कितीही शिजवलं तरी दाताला दाद देईना. प्रत्येक वस्तूचं पहिलं गिऱ्हाईक आम्ही, कारण बाकीच्या पार्सिपनी गावाने त्यांच्यासाठी दार उघडणं सोडून दिलं होतं.

२००४ साली, थंडीच्या तोंडावर, त्यांनी बियर करायला घेतली. यतीनच्या ऑफिसातल्या एका अमेरिकनाने त्यांना घरी केलेली बियर पाजली होती. काकांनी लगेच कृती विचारली. जवाला मोड आणायचे, वाळवून भरडायचे, गरम पाण्यात ठेवून त्यांचं गोड पाणी काढायचं, ते हॉप्स नावाच्या कडू फुलांबरोबर उकळायचं, आणि गार झालं की यीस्ट घालून आंबत ठेवायचं.

“म्हणजे मटकीला मोड आणि दुधाला विरजण,” काका म्हणाले. “यात हा मला काय शिकवणार?”

सामानाच्या दुकानात जाऊन त्यांनी किमती पाहिल्या आणि यीस्टचं एकच पाकीट घेऊन परत आले. बाकी सगळा जुगाड. इंडियन ग्रोसरीतल्या सोललेल्या जवाला मोड येईनात, म्हणून घोड्यांच्या खाद्याच्या दुकानातून अख्ख्या जवाचं पोतं आणलं. सुपरमार्केटच्या बेकरीतून केकच्या क्रीमची रिकामी बादली फुकट मागून घेतली. हॉप्स महाग, म्हणून त्यांच्याऐवजी मेथीदाणे. मोडाच्या पुरचुंड्या तळघरातल्या पाइपाला लटकल्या. बाटल्यांसाठी काका रिसायकलिंगच्या दिवशी माकडटोपी घालून लोकांच्या दारचे डबे उपसत फिरले. समोरच्या अमेरिकन बाईंनी ते खिडकीतून पाहिलं, काकांवर उपासमारीची वेळ आली असं त्यांना वाटलं, आणि काकांच्या दारात टूना माशांचे डबे येऊन पडायला लागले. सुनेत्राकाकू पक्क्या शाकाहारी. त्या डब्यांवरून घरात जे झालं ते मला भिंतीपलीकडून शब्दन् शब्द ऐकू आलं. शेवटी तह झाला तो एका अटीवर: हे थेर तळघरात चालतील, माझ्या स्वयंपाकघरात नाही.

बियर झाली. रंग चहाचा, वास ओल्या पोत्याचा, आणि चव म्हणाल तर मेथीच्या लाडवातून गूळ आणि तूप काढून घेतल्यावर जे उरेल ती. यतीनने एक घोट घेतला, गिळला आणि म्हणाला, “इंटरेस्टिंग.”

काकांचा चेहरा उतरला. अमेरिकेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला इंटरेस्टिंगचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मी माझा ग्लास त्यांचं लक्ष नसताना जास्वंदीच्या कुंडीत ओतला. पुढे कितीतरी दिवस जास्वंद माझ्याकडे संशयाने बघत होती.

जाताना काका दारात थांबले. “स्वानंदी, एक सांगू? माझ्या हातचं आजवर कुणी पुन्हा मागितलेलं नाही. घरच्यांनीसुद्धा नाही. ‘अजून आहे का?’ एवढंच एकदा ऐकायचंय, यार. मग मी हे सगळं बंद करतो.”

मला याचाच राग येतो. अशा माणसावर धड चिडताही येत नाही.

पण म्हणून बियर सुधारली असं नाही. बादलीमागून बादली झाली आणि आमच्या उत्साहावर विरजण पडत गेलं. खरं विरजण मात्र काकांनी जपलं होतं. बादलीच्या तळाशी बसलेला दाट गाळ म्हणजेच यीस्ट, तेव्हा नवं पाकीट घेतो कोण? तो गाळ त्यांनी दह्याच्या रिकाम्या डब्यात भरून तळघरातल्या जुन्या फ्रिजमध्ये ठेवला. आपल्या लोकांच्या फ्रिजमध्ये दह्याचा डबा उघडला की आत दही सोडून काहीही निघतं, हे वेगळं सांगायला नको.

जानेवारीत महाराष्ट्र मंडळाची संक्रांत आली आणि आंबोळ्यांचं काम काकूंकडे आलं. काकू सावंतवाडीच्या, आंबोळी त्यांच्या हातातच असायला हवी. पण न्यू जर्सीच्या थंडीत तांदूळ-उडदाचं पीठ काही केल्या आंबत नाही. ओव्हनचा दिवा लावून बघा, रजई पांघरून बघा, ते आपलं ढिम्म. आदल्या वर्षीची आंबोळी इतकी चिवट झाली होती की दिगंबरकाकांचा दात हलला. दिगंबरकाका म्हणजे रिटायर्ड डॉक्टर आणि मंडळाचे संस्थापक. आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत, आणि दर संक्रांतीला जेवणानंतर तरुण पिढीच्या पिण्यावर भाषण देतात. दात हलल्यावर ते भर हॉलमध्ये म्हणाले होते, “सुनेत्रा, पुढच्या वर्षी पोहे कर.” काकूंनी ते वर्षभर मनात ठेवलं होतं.

या वर्षी पीठ वाटून झाल्यावर त्यांनी तळघरातला फ्रिज उघडला. दह्याच्या डब्यात मळकट पांढरं, दाट काहीतरी होतं. वास आंबूस, त्यात मेथीचा. आंबोळीच्या पिठातही मेथी असतेच. मागच्या वेळचं पीठ उरलंय, लवकर आंबवायला बरं, असं म्हणून त्यांनी सगळा डबा पातेल्यात रिकामा केला आणि पातेलं वॉटर हीटरच्या शेजारी ठेवलं.

सकाळी त्यांचा फोन आला, “स्वानंदी, असशील तशी ये.”

तळघरात पिठाने झाकण उचलून बाजूला टाकलं होतं आणि ते पातेल्यावरून उतरून काकांच्या बुटांपर्यंत पोचलं होतं. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. “बघ गं, कसं फुललंय,” त्या म्हणाल्या. त्यांना इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात काका खाली आले. त्यांनी फ्रिज उघडला, बंद केला, मग सिंकजवळ घासून पालथा घातलेला डबा पाहिला. काकू पातेलं घेऊन वर गेल्यावर त्यांनी मला ड्रायरच्या मागे ओढलं.

“माझा गाळ होता तो.”

“गप्प बसा,” मी म्हणाले. “काकूंचा चेहरा पाहिलात ना? आणि तव्यावर दारूचं काही उरत नाही.”

“पण माझा होता,” काका म्हणाले. तरी शेवटी त्यांनी गप्प राहण्याचं कबूल केलं.

हॉलमध्ये काकू गरम गरम आंबोळ्या काढत होत्या आणि काका शेजारी उभे राहून चटणी वाढत होते. आंबोळ्या मऊ लुसलुशीत, जाळीदार, जिभेवर ठेवताच विरघळणाऱ्या. बायका काकूंना विचारायला लागल्या, काय घातलंत? काकू म्हणाल्या, काही नाही हो, मागचं थोडं पीठ. काका ओठ आवळून चटणी वाढत राहिले. दिगंबरकाका एकदा आले, दोनदा आले, मग ताट घेऊन टेबलाजवळ खुर्ची ओढूनच बसले. ताट रिकामं झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

“अजून आहे का?”

मी काकांच्या पायावर पाय दिला. पण उशीर झाला होता.

“आहे,” काका म्हणाले. “त्यातलं विरजण माझं आहे. माझ्या बियरचा गाळ आहे तो.”

रांग जागच्या जागी थांबली. काकूंनी उलथनं खाली ठेवलं. “अहो,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “हे आपण घरी बोलू.” तो आवाज ऐकून मला घरची भिंत आठवली.

दिगंबरकाका रिकाम्या ताटाकडे बघत होते. व्रत मोडलं होतं, तेही सगळ्यांच्या देखत, आणि पाच आंबोळ्या खाऊन. मग त्यांनी खिशातून भाषणाचा कागद काढला, त्याला बोटं पुसली आणि ताट पुढे केलं.

“आजचं भाषण कॅन्सल,” ते म्हणाले. “प्रल्हाद, दोन वाढ.”

काकूंनी तव्यावरच्या दोन आंबोळ्या काकांच्या हातातल्या थाळीत टाकल्या. काकांनी त्या स्वतः वाढल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हातातला चटणीचा चमचा दिगंबरकाकांच्या बुटांवर ठिबकत होता.

“ऐकलंस ना, स्वानंदी? पुन्हा मागितली.”

“ऐकलं, काका,” मी म्हणाले. “आता चटणी त्यांच्या ताटात वाढा, बुटांवर नको.”