आधी माफी, मग हकीकत

फोन आला तेव्हा मी हिंगोली डेपोत तिकिटाचं मशीन जमा करत होते. पलीकडे आमच्या तांड्यातली काकू. सख्खी नव्हे, पण माझं बालपण तिच्याच चुलीपाशी गेलं. ती रडत होती, त्यामुळे अर्धं समजलं, अर्धं मी जोडून घेतलं. तिच्या सुनेला सकाळी पोलिसांनी नेलं होतं. सून ज्या शेतकऱ्याकडे हळद वाळवायच्या कामाला जायची, त्याच्या बायकोचं सोन्याचं गंठण गेलं होतं आणि संशय हिच्यावर होता.

"तुझे काका आत हायेत, तेच बोलून राहिले तिच्यासाठी," काकू म्हणाली. आम्ही आपसात गोरमाटीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत, बोलतो. इथे मराठीत लिहिते आहे. "पण साहेब म्हणतो, कबूल केलं. आता आत टाकतो म्हणतो. तू ये बाई."

ती पोर तेलंगणातल्या तांड्यातून लग्न होऊन आलेली. गोरमाटी येते, तेलुगू येते. मराठी म्हणजे 'पाणी', 'चला' आणि 'किती' एवढंच. तिनं कबूल केलं ते कुठल्या भाषेत? डोकं तापलं की मला दम धरवत नाही. वर्दीतच वसमतच्या गाडीत बसले. त्या दिवशी ड्रायव्हरनं गाडी इतकी हळू चालवली की मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

ठाण्याच्या आवारात काकू जीपच्या सावलीत बसली होती. तिला आत येऊ देत नव्हते. मी मात्र कंडक्टरच्या खाकी वर्दीच्या जोरावर सरळ आत गेले. एरवी या वर्दीला प्रवासीसुद्धा भीत नाहीत, पण तिथल्या शिपायानं वाट दिली खरी.

खोलीत शिरल्याबरोबर सगळा घोळ माझ्या लक्षात आला. टेबलापाशी फौजदार, बाजूला एक महिला पोलीस. समोरच्या बाकावर काका, पागोटं काढलेलं, टक्कल उघडं. आणि कोपऱ्यात सून, पदर पार हनुवटीखाली ओढून, भिंतीकडे तोंड करून बसलेली.

आमच्यात सून सासऱ्यासमोर बोलत नाही. तोंडही दाखवत नाही. सासराही सुनेशी थेट बोलत नाही. काही सांगायचंच असलं तर सासूला सांगतो, नाहीतर भिंतीला सांगितल्यासारखं बोलतो आणि सुनेनं ते ऐकायचं असतं. मी तांड्याची लेक, मला ही बंधनं नाहीत. मी काकांशी भांडतेसुद्धा. पण त्या पोरीच्या आणि पोलिसांच्या मधे त्यांनी जगातला नेमका असा माणूस बसवला होता, ज्याच्यासमोर ती मेली तरी तोंड उघडणार नव्हती.

फौजदार काही राक्षस नव्हता. वैतागलेला होता. "मॅडम, सकाळपासून विचारतोय. हे बाबा त्यांच्या बोलीत सांगतात, ती गप्प. पुन्हा विचारलं की भिंतीकडे वळते. काही केलं नाही तर माणूस तोंड का लपवेल? शेवटी बाबांनीच पागोटं टेबलावर ठेवलं. म्हणाले, चूक झाली, माफ करा. आता आणखी काय पाहिजे?"

"तिला तिचे हक्क सांगितले का?"

"सांगितले ना. बाबांना सांगितले, बाबांनी मान डोलवली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण टेबलावर जबाब लिहून तयार होता, शेजारी शाईचं पॅड उघडं होतं आणि फक्त अंगठा उमटायचा राहिला होता. आता भांडले तर मला बाहेर काढतील आणि अंगठा उमटेल. मी आवाज खाली आणला. म्हटलं, "साहेब, यांना जरा बाहेर बसवा. मी विचारते. तुमच्या पोलीस ताईंना बसू द्या समोर."

"अहो, बाबाच तर दुभाषी आहेत. आणि तुम्ही त्यांच्याच तांड्यातल्या. तुम्ही काय सांगाल यावर मी कसा भरवसा ठेवू?"

त्याचंही बरोबर होतं. मी म्हटलं, मोबाईलवर सगळं रेकॉर्ड करा, गोरमाटी येणाऱ्या कुणालाही ऐकवा. त्यानं मोबाईल काढून टेबलावर ठेवला आणि काकांना बाहेर जायला सांगितलं. काका उठले. पागोटं मात्र टेबलावरच राहिलं.

दार लोटल्यावर पोरीनं पदर वर केला. डोळे सुजलेले, ओठ कोरडे. पहिलं वाक्य म्हणाली, "म लिदी कोनी." मी घेतलं नाही. हे सांगायला तिला सकाळपासून जागाच मिळाली नव्हती.

मी तिला पाणी दिलं. मग भिंतीवर आरोपीच्या हक्कांची पाटी होती, ती मराठीतून वाचत गोरमाटीत सांगू लागले. मला कायदा येत नाही. जेवढं लिहिलं होतं तेवढंच सांगितलं. कशासाठी आणलं ते तुला कळलं पाहिजे. वकील मिळेल, सरकार देईल. बोलायचं नसेल तर गप्प राहता येतं, त्यासाठी कुणी तुला दोषी धरू शकत नाही.

तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "पण गप्प बसले म्हणून तर चोर म्हणून राहिले मला."

महिला पोलिसानं विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं. त्या ताईंनी मान खाली घातली.

"गंठण कधी गेलं, साहेब?" मी विचारलं.

"सोमवारी दुपारी. घरात कुणी नसताना."

मी ते पोरीला सांगितलं आणि ती ताडकन उभी राहिली. सोमवारी ती कामावर नव्हतीच. तिला दिवस गेले होते. तपासणीसाठी सासू आणि सासरा तिला घेऊन हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात गेले होते, दिवस मावळायला घरी आले.

सासरा! म्हणजे जो माणूस सकाळपासून तिच्या वतीनं माफी मागत बसला होता, तोच तिचा साक्षीदार होता. मला हसू यावं की रडू, कळेना. मी ते मराठीत सांगितलं आणि फौजदारानं काकांना परत आत बोलावलं. पोरीनं पुन्हा पदर ओढला.

"बाबा, सोमवारी कुठं होता तुम्ही?"

"हिंगोलीला, सरकारी दवाखान्यात. ही व्हती, घरची व्हती."

"मग सकाळपासून सांगितलं का नाही?"

काका गोंधळले. "तुमी दिवस कुठं सांगितला, सायेब? आमच्या तांड्याच्या नायकापुढं काई बी तंटा आला तर आधी घरच्या मोठ्यानं माफी मागायची. चूक असो, नसो. मान राखायला. मंग हकीकत सुरू व्हते, दोनी बाजूनं. मी माफी मागितली, आन् आता हकीकत इचारतीन म्हणून बसून राहिलो. तुमी लिहायलाच लागले."

फौजदारानं हळदीच्या मालकाला फोन लावला. सोमवारी ही बाई कामावर होती का, एवढंच विचारलं. मालक आधी बायकोला विचारतो म्हणाले, मग मुकादमाला. शेवटी कळलं की नव्हती. तो लिहिलेला कागद फौजदारानं माझ्यासमोर फाडला, "बोलावलं की यावं लागेल" म्हणाला, आणि काकांचं पागोटं उचलून स्वतः त्यांच्या हातात दिलं.

बाहेर काकूनं सुनेला मिठी मारली. मी रिक्षा बघायला निघाले, तेवढ्यात काका जीपकडे तोंड करून उभे राहिले. सुनेकडे पाठ. भिंत नव्हती म्हणून जीप. मला म्हणाले, "तिला सांग, तिनं घेतलं न्हाई हे मला पहिल्यापासून ठाऊक व्हतं."

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं. सकाळपासून मधल्या माणसांनी काय केलं ते बघून मला आणखी एक मधला माणूस व्हायचं नव्हतं.

काका जीपलाच सांगितल्यासारखं पुन्हा तेच वाक्य म्हणाले.

सुनेनं सासूचे हात सोडवले. पदर तोंडावरच होता, पण आवाज मोकळा होता. लग्नानंतर पहिल्यांदाच ती सासऱ्याशी थेट बोलली.

"ठाऊक होतं, तर माफी काहून मागितली?"