सासऱ्याच्या फोनवर आलेला आवाज

संस्थांकडे लोकांची जी माहिती असते ती त्यांनी नीट सांभाळावी, एआय वापरताना नियम पाळावेत, यासाठी मी सोलापुरात सल्ला देते. बहुतेकांना माझ्याकडून कागद हवे असतात, उद्या कुणी विचारलं तर दाखवायला.

एका खासगी रुग्णालयानं मला बोलावलं ते गोष्ट घडून गेल्यावर. तिथं रुग्णांना औषधाची आठवण करून देणारी एआयची फोनसेवा होती. बाईच्या आवाजात ती गोड, स्वच्छ मराठीत बोलायची. ती माणूस नाही हे पटकन कळत नसे. वळसंगची एक तरुण सून बाळंतपणानंतर मनानं आजारी पडली होती. नवरा तिला घरी न सांगता याच रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे आणायचा. तिथं त्यानं स्वतःचा नंबर दिला होता. इथंच झालेल्या बाळंतपणाच्या वेळी मात्र सासऱ्याचा लिहिला गेला होता. यंत्रणेनं दोन्ही नोंदी जोडल्या आणि जुना नंबर लावला. त्या आवाजानं सासऱ्याला सुनेचं नाव सांगितलं, विभागाचं नाव सांगितलं, आणि गोळ्या चुकवू नका म्हणाला. त्याच आठवड्यात सुनेला अक्कलकोटला माहेरी पोचवण्यात आलं. तान्हं बाळ सासरीच ठेवून घेतलं.

"तांत्रिक चूक आहे," संचालक म्हणाले. "रिपोर्टात तसं लिहा."

"आधी तिला कळवावं लागेल. ज्याची माहिती बाहेर गेली, त्याला सांगायचं असं कायदाच म्हणतो."

"तिला माहीत असणारच की."

"तिला काय माहीत आहे, ते आपल्याला कुठं माहीत आहे?"

"मग पत्र पाठवू."

"पत्ता सासरचा आहे. ते कोण उघडेल?"

शेवटी मी आणि तिचे डॉक्टर अक्कलकोटला गेलो.

तिच्या आईनं "कूडरी, कूडरी" असं कानडीत बसायला सांगत चटई पसरली. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. तिचा ब्लाऊज दुधानं भिजलेला होता. आईनं तिचा पदर पुढं ओढला. मी सोप्या शब्दांत सगळं सांगितलं: फोन कुणी केला, नंबर कसा गेला, चूक रुग्णालयाची कशी. ती भिंतीपासून पुढं सरकली.

"म्हंजे ह्यांनी सांगितलं न्हाय?"

"कुणी?"

"मालकांनी. आमचे सासरे, आप्पा म्हनले, दवाखान्यातनं बाई बोलली. मला वाटलं, ह्यांनीच सांगितलं आन् आता नाव दवाखान्याचं घ्यायलेत. तवापासून मी त्यांचा फोनच घेतला न्हाय."

"आणि गोळ्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"कशाला घेऊ? बाळच न्हाय जवळ."

डॉक्टरांनी विचारलं, "तुझ्या सासऱ्यांशी मी बोललो तर चालेल?" ती व्हय म्हणाली. आम्ही निघायच्या आत तिनं नवऱ्याला फोन लावला.

डॉक्टर वळसंगला जाऊन आले. आजार बरा होतो, बाळाला धोका नाही, हे त्यांनी परत परत सांगितलं. सासऱ्यानं चहा पाजला. म्हणाला, "आमी तिला वेडी म्हनलो न्हाय, डॉक्टर. पन लेकरू तिच्या हाती कसं द्यावं?" आत बाळाची आत्या त्याला जोजवत होती.

रुग्णालयानं ती सेवा बंद केली, विभागांच्या नोंदी वेगळ्या केल्या. माझ्या रिपोर्टची संचालकांनी स्तुती केली. मला ती ऐकवेना.

नवऱ्यानं शहरात खोली घेतली आणि बायकोला आणलं. बाळ परत मिळावं म्हणून कोर्टात जायला तो तयार नाही. बापाविरुद्ध उभं राहणं त्याला जमत नाही. ती गोळ्या घेते. सुट्टीच्या दिवशी दोघं बाळाला बघायला वळसंगला जातात. मध्यंतरी डॉक्टर भेटले तेव्हा कळलं, बाळ आता चालायला लागलंय आणि तिनं उचलून घेतलं की आत्याकडं हात करून रडतं.