घोडी कोणाला द्यायची

घोडं मागायला आलेल्या माणसाला तपासून पाहायचं, अशी माझी नोकरी होती. घोडं तपासणारे पुष्कळ असतात, माणूस तपासणारा अख्ख्या वऱ्हाडात मी एकटाच असेन. कागदोपत्री मी अमरावतीच्या जनावरांच्या दवाखान्यातला स्टॉकमन. जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची, बैल उधळला तर त्याच्या शिंगांना लोंबकळायचं. नोकरी कच्ची होती. कधीही 'उद्यापासून येऊ नको' म्हणतील अशी.

डोंगराच्या पायथ्याला एका जहागीरदाराची पागा होती. जहागिरी गेली, पागा मोडली आणि घोडी कुरणात मोकाट सुटली. सामान वाहणारी गाढवंही त्यांच्यामागे गेली. त्यांची पिल्लं रानातच वाढली. त्यांना ना दोर माहीत, ना माणूस. ज्वारी हुरड्यावर आली की कळप शेतात शिरायचा आणि लोक गोफणी, काठ्या, मिळेल ते घेऊन मागे लागायचे. शेवटी शहरातल्या एका जीवदया मंडळानं ती जनावरं धरून आणली, गावाबाहेरच्या वाड्यात कोंडली आणि दवंडी पिटली, की जो नीट सांभाळील त्याला फुकट देऊ. फुकट म्हटल्यावर काय विचारता! फाटकासमोर जत्राच भरली.

मग मंडळ शहाणं झालं. मागणाऱ्याच्या घरी जाऊन जनावर बांधायची जागा पाहायची आणि दवाखान्याचा माणूस 'ठीक' म्हणाला तरच जनावर द्यायचं, असा नियम केला. आमचे डॉक्टरसाहेब पुण्याचे. त्यांना वऱ्हाडचं ऊन सोसत नसे आणि माझी भाषाही. पण उन्हापेक्षा मी बरा, म्हणून खेडोपाडी मी जायचो.

काय काय नमुने आले! एक जण म्हणाला, "पोराची वरात हाये. मिरवनं झालं का परत आणून देतो." एक वीटभट्टीवाला गाढवं मागायला आला. "पुण्य करून राहिलो," म्हणे. मी भट्टीवर गेलो, तर आधीच्या गाढवांच्या पाठीवर नवंकोरं गोणपाट पांघरलेलं. एक गोणपाट उचललं. खाली हाताएवढी जखम, आणि त्यात अळ्या. मी गोणपाट परत टाकलं आणि म्हणालो, "झाकून ठेवा तुमचं पुण्य. माश्या बसतीन." रिद्धपूरचे एक महानुभाव साधू मात्र आले, ते कोणीच नको म्हटलेलं, एका डोळ्यानं अधू गाढव घेऊन गेले. त्याआधी त्यांच्याकडे जागा पाहायला गेलो, तेव्हा त्यांनी मला आपल्याच सतरंजीवर बसवलं. एवढं का लक्षात राहिलं, ते पुढे कळेल.

त्या कळपात एक तांबडी घोडी होती. तिच्या तोंडाला दोराची मोरखी चढवायला मला फार दिवस लागले. खांद्याला चावली, एकदा लाथेनं भिंतीवर फेकलं. पण एका सकाळी आपणहून आली आणि माझ्या सदऱ्याचा खिसा हुंगत उभी राहिली. त्यानंतर माझ्याखेरीज कोणाला जवळ येऊ देईना. ती कोणा भलत्याच्या दावणीला गेली तर मार खाऊन मरेल, ह्या विचारानं माझा जीव खालीवर होई. एवढी काळजी मी स्वतःच्या नोकरीचीही केली नाही.

तिला मागणी आली मोर्शीकडच्या एका पाटलाची. संत्र्याच्या मोठमोठ्या बागा. शेजारच्या बागाईतदारानं जीप घेतली होती, म्हणून ह्यांना घोडीवरून बाग फिरायची होती. मंडळाचे अध्यक्ष राजापेठेतले वकील, ते पाटलाचे स्नेही. सगळं ठरल्यातच जमा होतं, फक्त माझी पाहणी तेवढी राहिली होती.

मी मोर्शीच्या मोटारीनं गेलो आणि पुढं पायी. पाटील ओट्यावर बसले होते. "या, साहेब," म्हणाले. खुर्ची मागवली. खुर्ची यायच्या आत प्रश्न आला, "कोनतं गाव तुमचं?"

गाव सांगितलं.

"गावात कोनत्या आंगाले घर?"

आपल्याकडे हा प्रश्न घराचा पत्ता समजून घेण्यासाठी नसतो. मी म्हणालो, "पाटील, सरळ इचारा ना. आमी बौद्ध."

"म्हंजे?"

"म्हंजे बौद्ध."

आम्ही दीक्षा घेतल्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. खुर्ची दारातूनच परत गेली. चहा आला तो गोठ्याच्या कोनाड्यातल्या कानतुटक्या कपात. मी कप हातात घेतला नाही. म्हणालो, "तबेला दाखवा."

"तबेला मांगं हाये. तुळशीच्या आंगणातून जा लागते. तू असं कर, इथूनच पाहून घे."

'तुमी'चा 'तू' कधी झाला, ते त्यांना स्वतःलाही कळलं नसेल. मी विचारलं, "घोडी कुठून जाईन?"

"आंगणातूनच. दुसरी वाट नाई ना."

"मंग मीबी तिथूनच जाईन."

"तुले समजत कसं नाई बाप्पा!"

मला सगळं समजत होतं. घोडीच्या टापा चालत होत्या, माझ्या वहाणा चालत नव्हत्या. मी आलो तसा परत निघालो. रस्ताभर डोकं तापलेलं होतं, आणि ते उन्हानं नव्हे. 'जागा पाहू दिली नाही' असं साहेबांना सांगून मोकळा झालो.

आठवड्याभरात राजापेठेतून बोलावणं आलं. वकीलसाहेब झोपाळ्यावर बसले होते, डॉक्टरसाहेब खुर्चीवर. मी उभा.

"अहो, मी स्वतः पाहिला आहे तो तबेला," वकीलसाहेब म्हणाले. "उत्तम आहे. तुम्ही 'ठीक' म्हणा आणि विषय मिटवा."

"साहेब, मी नाई पाह्यला."

"नोकरी कच्ची आहे ना तुमची?"

"हो साहेब. म्हणून तं खोटं बोलाची सोय नाई."

वकीलसाहेबांचा झोपाळा थांबला. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला असता, तर मी त्यांचे उपकार जन्मभर मानले असते. तो निघाला नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं, "नोकरी जाते आता." ती भाकरी थापत होती. म्हणाली, "जाऊ द्या. पण त्या कपात चहा प्याले असते तं मी घरात घेतलं नसतं."

नोकरी गेली नाही, कारण नियम मंडळानंच केला होता आणि आपलाच नियम मोडला तर गावभर बोभाटा झाला असता. घोडीही हलली नाही. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' म्हणतात. गाढव व्हायला माझी ना नव्हती. पाटलानं पाय धरायला यायला हवं होतं, एवढंच.

उन्हाळ्याच्या तोंडावर निरोप आला, जागा पाहून जा. गेलो, तर पाटलाच्या गड्यानं मला घरासमोरून न नेता मागच्या बोळात नेलं. तिथं तबेल्याच्या मागच्या भिंतीला माणूस आत जाईल एवढं भगदाड पाडलेलं. पाडलेली माती अजून तिथंच पडली होती. शेजारी पाटील, जग जिंकल्यासारखे.

"घे. आता तुलेबी अडचण नाई अन् आमालेबी नाई. जा, पाह्य."

मी आत गेलो. खोटं कशाला बोलू, जागा पहिल्या नंबरची होती. फरशी घातलेली, वारा खेळता, गव्हाण खोल. तांबडीला ह्याहून चांगलं घर मिळालं नसतं. मी सगळं निरखून पाहिलं, भगदाडातून बाहेर आलो आणि म्हणालो, "जागा बेस हाये. पण घोडी देता येत नाई."

"काहून?"

"भितीले भगदाड हाये. रानातली घोडी, एका रातीत पसार होईन."

"अरे, हे तं तुह्यासाठीच पाडलं!"

"मले मालूम हाये. बुजवा. बुजवलं का मी पाह्याले येतो."

पाटलांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अन् बुजवल्यावर पाह्यशीन कुठून?"

"समोरून, पाटील."

ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. गडी तोंड फिरवून खोकायला लागला. परतीच्या मोटारीत मी एकटाच हसत होतो, लोकांना वाटलं असेल उन्हाची बाधा झाली.

पावसाळा सरता सरता पुन्हा निरोप आला. ह्या वेळी पाटील दारात उभे होते. "या," म्हणाले. मी वहाणा घालूनच अंगणातून गेलो, तुळशीला वळसा घालून, सावकाश. आतल्या खिडक्या लागल्याचा आवाज आला. भिंत नीट बुजवलेली होती. मी 'ठीक' म्हणालो. माझं भांडण तबेल्याशी कधीच नव्हतं.

घोडी दुसऱ्या कोणाबरोबर येईना, म्हणून पोचवायलाही मीच गेलो. मी पुढं, ती मागं, त्याच अंगणातून. तुळशीजवळ तिनं लीद टाकली. तिला गव्हाणीशी बांधलं, कपाळावर हात ठेवला. डोळे भरून आले, ते मी कोणाला दिसू दिले नाहीत. बाहेर आलो तर एक बाई अंगण साफ करत होती. लीद तिनं खराट्यानं लोटून दिली. माझ्या पावलांचे ठसे मात्र ती एकेक शोधून त्यांवर गोमूत्र शिंपडत होती.

मी थांबलो. पाटीलही थांबले. त्यांनी नजर खाली घातली, पण बाईला 'राहू दे' काही म्हटलं नाही.

मंडळाची आणखी एक अट होती: रानातलं जनावर दिलं की पहिलं वर्षभर त्याची पाहणी करायची. बाकीच्यांकडे मी तीन-चार महिन्यांतून एखादी चक्कर मारून भागवत असे.

"पाटील," मी म्हणालो, "एक सांगाचं राह्यलं. घोडी पाह्याले मी येत राहीन."

"कवा?"

"दर महिन्याले. गोमूत्र पुरवून वापरा."